अझासायटिडीनच्या दोन फेऱ्या झाल्या, प्लेटलेट आणखी खाली गेल्या. औषध थांबवायचं का?

पूर्वभागातली_लेक

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाकडे राहतो. माझे वडील, आप्पा, ६९ वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य जेकार्डच्या मागावर चादरी विणण्यात गेलं. दिवाळीनंतर त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. आप्पा माळकरी, त्यामुळे जो तो म्हणाला, बी-१२ कमी असणार. गल्लीतल्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, पण हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. शेवटी कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला आणि एमडीएस निघालं, म्हणजे मगजात रक्तपेशी नीट तयार न होण्याचा, रक्ताच्या कर्करोगातलाच एक आजार. ब्लास्ट (कच्च्या पेशी) ८ टक्के, जास्त जोखमीचा गट. जनुकांच्या तपासणीत टेट२ आणि एएसएक्सएल१ ही दोन नावं लिहून आली आहेत.

अझासायटिडीन चालू केलंय. पाच दिवस, मग शनिवार-रविवार सुट्टी, मग परत दोन दिवस, अशी पोटावर इंजेक्शनं. दुसरी फेरी होऊन गेली. सुरुवातीला प्लेटलेट ६२ हजार होत्या, काल २८ हजार आल्या. रक्त अजून चढवावंच लागतंय. पुण्याचे मामा फोनवर म्हणतात, "केमोनं माणूस खचतोय, बंद करा." त्यांनीच एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की हा एपिजेनेटिक आजार आहे, म्हणजे जीन्स फक्त चालू-बंद होतात आणि हळद, ग्रीन टी, व्हिटॅमिन सी यांनी ते परत जागेवर येतं. फॉलिक ॲसिड मात्र घ्यायचं नाही म्हणे, कारण त्यानं मेथिल, म्हणजे जीन्स बंद करणारी खूण, वाढतं आणि आपलं इंजेक्शन तर मेथिल कमी करणारं आहे. आप्पांना फॉलिकची गोळी चालू आहे, म्हणून माझा जीव धास्तावलाय.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर एवढी रांग असते की दोन मिनिटांत काय काय विचारायचं? कोणी नीट समजावून सांगेल का, ही टेट२ वगैरे प्रथिनं नक्की करतात काय? काउंट खाली जात असताना औषध चालू ठेवणं बरोबर आहे का? हे माझ्या मुलांना होईल का? मागाच्या धुळीनं झालं का? आणि आप्पांना एकादशीला पंढरपूरला जायचंय, ते काही ऐकत नाहीत.

डेकेअर_सिस्टर

ताई, मी रोज हीच इंजेक्शनं देते. औषधाचं विज्ञान दुसरं कोणी सांगेल, मी हातातलं सांगते.

बाटलीत १०० मिलिग्रॅम पांढरी पावडर असते. त्यात ४ मिली पाणी घातलं की औषध ढगाळ होतं, स्वच्छ पाण्यासारखं होतच नाही. नातेवाईक बघतात आणि घाबरतात, "सिस्टर, हे खराब झालंय का?" खराब नाही, ते तसंच असतं. टोचायच्या आधी आम्ही सिरिंज दोन्ही तळव्यांत धरून गोल गोल फिरवतो, कारण पावडर खाली बसली तर डोस सारखा जात नाही. कालवल्यावर बाहेर ठेवलं तर तासाभरात द्यावं लागतं. म्हणून पेशंट खुर्चीत येऊन बसल्याशिवाय आम्ही बाटली उघडत नाही. ४ मिलीपेक्षा जास्त झालं तर दोन सिरिंजा, दोन जागा. नवी टोच जुन्या जागेपासून निदान एक इंच लांब. कालची खूण कुठे आहे ते आप्पांनाच विचारा, पेशंटच्या बरोबर लक्षात असतं. लाल चट्टा येतो, खाजतो. तो चोळू नका, तेल लावू नका. गरम, कडक आणि दुखरा झाला तर दाखवा.

आता महत्त्वाचं. ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता गेला तरी निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप हीच एक खूण दिसते, बाकी काही दिसत नाही. प्लेटलेट २८ हजार म्हणजे ब्रश मऊ, दाढी ब्लेडनं नको, ब्रुफेन आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःहून नकोत. हिरड्यांतून रक्त, काळी शौचाला, पायांवर टाचणीएवढे लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं की फोन करा. आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडे बी-१२ अजून कमरेत टोचून घेत असतील तर आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. एवढ्या प्लेटलेटवर स्नायूत इंजेक्शन घेतलं तर आत रक्त साठतं.

उलटीची गोळी चालू असेल तर पोट साफ होत नाही, ते पण सांगा. लाजून सांगत नाहीत पुरुष माणसं.

जीवरसायन_शिक्षिका

सिस्टरनी जे सांगितलं ते छापून भिंतीवर लावावं असं आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरातच जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्याआधी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हिस्टोनवर काम केलं. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण ते काय करतं हे कळलं तर मामांना उत्तर देता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. यकृतात आणि रक्तात जनुकं तीच असतात. कोणती उघडी आणि कोणती मिटलेली, यावरून पेशी वेगळी होते. आप्पांना सांगा: ताण्याचे धागे सगळे मागावर असतातच, कुठला धागा कधी उचलायचा ते जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. पेशीत हे पुठ्ठ्याचं काम काही रासायनिक खुणा करतात. त्या खुणा करणारी प्रथिनं वेगळी, पुसणारी वेगळी, वाचणारी वेगळी. डीएनएमटी ही प्रथिनं डीएनएवर मेथिल गट चिकटवतात, त्यानं जनुक सहसा मिटतं. एचडॅक हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढतात, त्यानंही गुंडाळी घट्ट होते. बीआरडी४ सारखी प्रथिनं खुणा वाचून पुढचं काम सुरू करून देतात.

टेट२ हे पुसणाऱ्यांपैकी. मेथिल गट तसा लोचट. तो निघतो कसा हे कोडं बरीच वर्षं होतं. २००९ मध्ये अंजना राव यांच्या गटानं दाखवलं की टेट कुळातलं प्रथिन त्या मेथिलमध्ये ऑक्सिजन घालून त्याचं रूप बदलतं, आणि तिथून पुसणं सुरू होतं. त्याच वर्षी एमडीएस आणि रक्ताच्या तशाच इतर कर्करोगांत टेट२ मोडलेलं सापडलं. हे टेट२ मोडलं की रक्ताच्या मूळ पेशीत नको तिथे मेथिल साचत जातं. एएसएक्सएल१ हिस्टोनवरच्या खुणांच्या कारभारात हात लावतं. तेही बिघडलं की पेशी वाढते, पण तिला परिपक्व होता येत नाही. म्हणून एमडीएसमध्ये मगज बहुतेक वेळा पेशींनी भरलेला असतो आणि रक्तात मात्र टंचाई. पेशी तयार व्हायला लागतात, पण पूर्ण होण्याआधीच मरतात. बी-१२ कमी असतानाही रक्ताचं चित्र थोडंफार असंच दिसतं, त्यामुळे गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी ते देऊन पाहिलं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता तुमचं इंजेक्शन. त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे औषध १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झालं. तेव्हा ते साध्या केमोसारखं, पेशी मारण्यासाठी, मोठ्या डोसात द्यायचे आणि रुग्णांना त्याचा फार त्रास व्हायचा. मग १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी उंदराच्या पेशींना हे औषध दिलं. आधी दिसलं होतं की त्या पेशी चक्क स्नायूच्या पेशींसारख्या होतात. या दोघांनी दाखवलं की औषधानं मेथिल खुणा उतरतात. म्हणजे पेशी मारणं हे या औषधाचं एकच काम नव्हतं, ते मिटलेली जनुकं उघडतही होतं. तिथून डोस खाली आणून, जास्त दिवस द्यायचं हा विचार रुजत गेला आणि २००४ मध्ये अमेरिकेत एमडीएससाठी त्याला मान्यता मिळाली. चाळीस वर्षं गेली, रेणू तोच राहिला, बदलली ती समज.

ते काम कसं करतं? पेशी दोनाची होते तेव्हा डीएनएची नक्कल होते, आणि डीएनएमटी१ हे प्रथिन जुन्या धाग्यावरच्या मेथिल खुणा नव्या धाग्यावर उतरवतं. अझासायटिडीन डीएनएच्या एका अक्षरासारखं दिसतं, म्हणून ते नव्या धाग्यात शिरतं. डीएनएमटी१ त्याला धरायला जातं आणि तिथेच अडकतं. मग पेशी ते अडकलेलं प्रथिन मोडून टाकते. खुणा उतरवणारंच उरलं नाही की पुढच्या प्रत्येक विभाजनात मेथिल विरळ होत जातं.

हे नीट वाचा, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर यातच आहे. परिणाम व्हायला पेशी विभाजित व्हावी लागते, तीही पुन्हा पुन्हा, औषध अंगात असताना. म्हणून एका फेरीत सात दिवस. म्हणून फेरीमागून फेरी. आणि म्हणूनच चार ते सहा फेऱ्या पूर्ण होईपर्यंत "उपयोग नाही" असा निकाल द्यायचा नसतो. पहिल्या दोन फेऱ्यांत काउंट खाली जाणं नेहमीचं आहे. आजारी पेशी मागे हटत असतात, चांगल्या पेशींनी अजून जागा घेतलेली नसते, आणि औषध दोघांनाही थोडं दाबतं. घरच्यांचा धीर नेमका याच टप्प्यावर सुटतो. मात्र खाली गेलेले काउंट आजार वाढल्यामुळेही असू शकतात, म्हणून रक्ताच्या काचपट्टीवर ब्लास्ट वाढलेत का, हे डॉक्टरांना विचारा. पुढची फेरी थोडी लांबवणं किंवा डोस कमी करणं हे मार्ग त्यांच्याकडे असतात. ते आणि औषध सोडून देणं यात फार फरक आहे.

फायदा किती? जास्त जोखमीच्या ३५८ रुग्णांवरचा मोठा अभ्यास २००९ मध्ये आला. अझासायटिडीन घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा आकडा) २४.५ महिने, नेहमीचे उपचार घेतलेल्यांचं १५ महिने. रोजच्या दवाखान्यांतल्या नोंदींत एवढा फायदा सहसा दिसत नाही, हेही सांगायला हवं. टेट२ मध्ये बदल असलेल्यांना हे औषध जरा जास्त लागू पडतं असं काही अभ्यासांत दिसलं, सोबत एएसएक्सएल१ मध्येही बदल असला की तो फायदा घटतो. पण एका माणसाचं भाकीत यावरून करू नका.

व्हिडिओबद्दल मला मनापासून राग आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. टेटला कामासाठी लोह आणि व्हिटॅमिन सी लागतं, हे खरं. हळदीतल्या कर्क्युमिनचा आणि ग्रीन टीतल्या द्रव्याचा प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर परिणाम दिसतो, हेही खरं. पण त्यानं माणसाचं एमडीएस बरं झालेलं नाही. आप्पांना सारखं रक्त चढतंय, म्हणजे अंगात लोह साठत असणार. अशा वेळी व्हिटॅमिन सीचे मोठे डोस डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं. भाजीत हळद हवी तेवढी घाला. फॉलिकची गोळी व्हिडिओ बघून बंद करू नका. कोणत्या जनुकावर मेथिल बसणार हे गोळीनं ठरत नाही, ते ही प्रथिनं ठरवतात. गोळी का दिली आहे ते डॉक्टरांनाच विचारा.

एक गोष्ट मामांना जरूर सांगा. एकच प्रथिन एका कर्करोगात जास्त काम करून घात करतं आणि दुसऱ्यात बंद पडून. ईझेडएच२ काही लिम्फोमांत (लसिका ग्रंथींच्या कर्करोगांत) अति चालतं, म्हणून ते रोखणारं टाझेमेटोस्टॅट हे औषध आलं, २०२० मध्ये. एमडीएसमध्ये मात्र तेच ईझेडएच२ मोडलेलं सापडतं. तिथे ते रोखून काय करणार? त्यामुळे "एपिजेनेटिक्ससाठी हे घ्या" असं सरसकट कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

मुलांबद्दल: या वयात सापडणारे टेट२ आणि एएसएक्सएल१ चे बदल बहुतेक करून जन्मानंतर, रक्ताच्या एखाद्या मूळ पेशीत झालेले असतात. ते मुलांकडे जात नाहीत. घरात आणखी कोणाला, तेही तरुण वयात, रक्ताचा असा आजार झाला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, तेव्हा वेगळी तपासणी करतात. धुळीबद्दल: कापसाच्या धुळीनं छातीचा विकार होतो, तो आपल्या पूर्व भागात घरोघरी माहीत आहे. एमडीएसचं ज्ञात कारण म्हणजे बेंझिनसारखी रसायनं, पूर्वी घेतलेली केमो किंवा रेडिएशन, तंबाखूचा धूर. पण सगळ्यांत मोठं कारण वय. सत्तरीतल्या दहा माणसांत साधारण एकाच्या रक्तात असे बदल झालेल्या पेशींचा गट सापडतो, आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच कर्करोग होत नाही. आप्पांच्या कामानं हे ओढवलं असं मनात धरू नका, त्यांनाही धरू देऊ नका.

पूर्वभागातली_लेक

मॅडम, सिस्टर, कसे आभार मानू कळत नाही. रात्री आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुठ्ठ्याचं वाक्य त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी विचारलं, "सहा फेऱ्यांनी गुण आला तर मग सुया बंद ना?" मला उत्तर देता आलं नाही. आणि पुढे हे औषध चालेनासं झालं तर दुसरं काय आहे?

बी-१२ चं इंजेक्शन खरंच चालू होतं, या शुक्रवारी घ्यायचं होतं. थांबवलंय आणि डॉक्टरांना फोन केलाय.

बार्शीकर_वहिनी

ताई, माझ्या मिस्टरांना हाच आजार, हेच औषध. आमच्याकडे पण दुसऱ्या फेरीनंतर सगळे म्हणाले, सोडा आता. दीर तर रडले. चौथ्या फेरीपर्यंत आठवड्याला रक्त लागत होतं. पाचवीनंतर पहिल्यांदा तीन आठवडे रक्त न चढवता निघाले आणि ते स्वतः चालत बाजारातून ज्वारी घेऊन आले. मला तो थैला अजून दिसतो. सगळ्यांनाच असं होईल असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना सहा फेऱ्या होऊनही काही फरक पडला नाही.

पंढरपूरचं म्हणाल तर आमचे पण वारकरीच. एकादशीच्या गर्दीत नेलं नाही. काउंट बरे असताना डॉक्टरांना विचारून आठवड्याच्या मधल्या दिवशी, तोंडाला मास्क लावून नेलं, रांगेत उभं केलं नाही. कळसाचं दर्शन घेतलं, नदीकडे दोन मिनिटं थांबलो, घरचंच जेवण खाल्लं आणि परत. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्यासाठी मी ते परत करीन. आप्पांना सांगा, विठोबा वाट बघतो, त्याला घाई नाही.

खर्चाचं: ब्रँडप्रमाणे किमतीत बराच फरक आहे, आपल्याकडच्या कंपन्या पण हे औषध बनवतात. महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

जीवरसायन_शिक्षिका

आप्पांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. उत्तर अवघड आहे, पण खरं तेच सांगते. सुया बंद होत नाहीत. औषध खुणा विरळ करतं, टेट२ मधला मूळ बदल दुरुस्त करत नाही. बंद केलं की आजार बहुधा परत येतो. म्हणून गुण येतोय आणि सोसतंय तोवर ते चालू ठेवतात. काही जणांत ते वर्षानुवर्षं चालतं, बऱ्याच जणांत कधीतरी थकतं.

पुढे काय, हे त्या वेळच्या आजारावर अवलंबून. एमडीएसचं रूपांतर तीव्र ल्युकेमियात झालं तर अझासायटिडीनच्या जोडीला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देतात, ही जोडी आपल्याकडे वापरात आहे. आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकांत बदल असलेल्यांसाठी २०१७ आणि २०१८ मध्ये दोन औषधं आली. त्या बदलामुळे तयार होणारं एक द्रव्य टेट२ लाच रोखतं, किती जवळची नाती आहेत बघा. आप्पांच्या तपासणीत आयडीएचचा बदल आलेला नाही, त्यामुळे ती त्यांच्यासाठी नाहीत. मेनिन नावाच्या प्रथिनाला अडवणारं रेव्ह्युमेनिब २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेही ठरावीक ल्युकेमियांसाठी. आजार मुळातून काढणारा आजचा एकच उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण. ६९ व्या वर्षी ते सोपं नाही, पण वय ऐकूनच दार बंद करू नका. हृदय, किडनी चांगली असतील तर एकदा मत घ्यावं. हे विचारायचं ते आत्ता, औषध थकल्यावर नाही. मत घ्यायला आप्पांनीच मुंबईला जायला हवं असं नाही. आधी मगजाचा रिपोर्ट, जनुकांचा रिपोर्ट आणि प्रत्येक आठवड्याचे काउंट घेऊन घरचं एक माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन येऊ शकतं.

ओपीडीत दोनच मिनिटं मिळत असतील तर प्रश्न कागदावर लिहून सरळ डॉक्टरांच्या हातात द्या. काचपट्टीवर ब्लास्ट किती? तिसरी फेरी वेळेवर की लांबवायची? मगज परत कधी तपासणार? फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) किती, लोह उतरवायचं औषध लागेल का? रक्त फिल्टर लावून मिळेल का? पाच ओळी आहेत, डॉक्टर त्याच कागदावर उत्तरं लिहून देतील.

डेकेअर_सिस्टर

बी-१२ थांबवून विचारलंत, चांगलं केलंत. त्या कागदावर माझी एक ओळ वाढवा: प्लेटलेट कितीच्या खाली गेल्या की चढवायच्या आणि रात्री-अपरात्री कुठल्या नंबरला फोन करायचा. तो नंबर आप्पांच्या मोबाइलमध्ये पण घालून ठेवा, फक्त तुमच्या नको.